विद्यावेतन हा शब्द मराठीतच आहे

मागच्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. विषय होता प्रकाशन व्यवसायातल्या संधी. पाहुणे बाहेरगावचे, पुस्तकांच्या धंद्यात उभी हयात घालवलेले. फार मनापासून बोलले. हस्तलिखित आल्यापासून पुस्तक दुकानात पोचेपर्यंत त्याच्यावरून किती हात फिरतात, अनुवादालाही संपादक का लागतो, हे त्यांनी इतके नेमके सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा वहीत उतरवून घेत होती. शेवटी एम.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, ऑन जॉब ट्रेनिंगला आम्ही तुमच्याकडे आलो तर काही पैसे मिळतील का?"

सभागृहात हसू पिकले. पाहुणे म्हणाले, "बाळा, तुला शिकायला मिळतंय, हेच तुझं मानधन. आमच्या वेळी तर गुरूच्या घरचं पाणी भरावं लागायचं." टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली आणि वही मिटून तिने पिशवीत टाकली.

मी त्याच सभागृहात तिसऱ्या रांगेत होते. उठून बोलायला हवे होते, बोलले नाही. पाहुण्यांचा मान, कार्यक्रमाची वेळ, आणि आम्हा शिक्षकांची सवय. आमच्यातले निम्मे तासिका तत्त्वावर राबतात. केलेल्या कामाचे पैसे मागायला आपणच संकोचतो, तिथे विद्यार्थ्याने मागितलेले आपल्याला हसण्यासारखे वाटते. पण त्या दिवशी जे बोलायचे राहिले ते आता लिहिते आहे. पाहुण्यांबद्दल मनात आदर आहे. त्यांचे म्हणणे मात्र मला पूर्ण चुकीचे वाटते, आणि ते त्यांच्या एकट्याचे नाही. या धंद्यात ते सगळीकडे ऐकू येते, म्हणून त्याचा प्रतिवाद व्हायला हवा.

मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरची. बाबा तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्रात बॉयलर विभागात होते. आम्ही भावंडे क्वार्टरमध्येच वाढलो. खिडकीच्या पट्टीवर सकाळी पुसलेली राख संध्याकाळी पुन्हा बसायची आणि आई तीच पट्टी दिवसातून दोनदा पुसायची. दादाने आयटीआय केले, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. मग तो केंद्रातच अप्रेंटिस लागला. आज २,९२० मेगावॅटच्या या केंद्रात फाटकातून सकाळी आत जाणाऱ्या माणसांत अशी शिकाऊ पोरे कायम असतात, पुढच्या खिशात टेस्टर खोचलेली. दादा पहिले कित्येक आठवडे कुणाच्याही कामाचा नव्हता. वायरमन काकांच्या मागे हत्यारांची पिशवी धरून फिरायचा, एवढेच. घरी येऊन सांगायचा, आज पॅनल उघडलेले पाहिले, हात लावू दिला नाही. तरी महिना भरला आणि त्याचे विद्यावेतन आले. आईने ते पाकीट देवाजवळ ठेवले आणि म्हणाली, "पोरगा शिकून ऱ्हायला आन् घरात पैसेबी आले."

पुढे मी इंग्रजीत एम.ए. केले आणि नागपुरातल्या एका प्रकाशनात दोन महिने काम शिकायला गेले. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तेव्हा सगळीकडे तीच रीत होती. मी सकाळी दहाला जायची आणि सातला निघायची. पहिल्या आठवड्यात मीही कुणाच्या कामाची नव्हते, दादासारखीच. चौथ्या आठवड्यापासून मी रोज एक फर्मा, म्हणजे सोळा पाने, तपासून देत होते. श्रीलिपीत बसवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरे फुटतात. ती एकेक शोधून जागेवर आणायची. डोळे चुरचुरायचे. दोन महिन्यांनी मला एक प्रमाणपत्र मिळाले आणि दोन पुस्तके भेट मिळाली. पैसे मिळाले नाहीत. पुस्तकात कुठे नावही आले नाही.

एकाच घरातली दोन भावंडे, दोघेही शिकाऊ. एकाच्या शिकण्याला पैसे होते, दुसरीच्या नव्हते. आईने कधी बोलून दाखवले नाही, पण तिला हा फरक कळला होता. तिने मला एकदा विचारले, "तुझ्या कामाचं काहीच देत नाईत का वो ते?" मला उत्तर देता आले नाही. आज देता येईल.

पाहुण्यांचा मुख्य मुद्दा असा: विद्यार्थी हा शिकणारा आहे, कामगार नव्हे, म्हणून त्याला मोबदला कसला? ऐकायला हे बिनतोड वाटते. पण या देशाने हा प्रश्न १९६१ सालीच सोडवलेला आहे. त्या वर्षीच्या कायद्याचे मराठी नाव शिकाऊ उमेदवार अधिनियम. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आणि त्याच कायद्याचे तेरावे कलम सांगते की त्याला विद्यावेतन दिलेच पाहिजे. पाहुण्यांना जिथे विरोध दिसतो तिथे कायद्याला तो दिसला नाही. माणूस शिकतो आहे, कामगार नाही, आणि म्हणूनच त्याला वेतन नसून विद्यावेतन आहे. पगाराइतके ते नसते. पण ते असते, कारण शिकणाऱ्यालाही जेवायचे असते, बसचे तिकीट काढायचे असते, आणि शिकता शिकता त्याच्या हातून निघालेले काम मालकाच्या उपयोगी पडत असते.

विद्यावेतन हा शब्दच पाहा. विद्या आणि वेतन एकाच शब्दात शेजारी बसली आहेत, भांडत नाहीत. उलट उमेदवार या शब्दाचा इतिहास दुसरा आहे. उमेद म्हणजे आशा. जुन्या काळी कचेऱ्यांतून उमेदवारी करायची म्हणजे नोकरी लागेल या आशेवर बिनपगारी कागद उतरवत बसायचे. ज्याच्या घरी खायला होते तो वर्ष-दोन वर्षे उमेदवारी करू शके आणि पुढे कारकून होई. ज्याच्या घरी नव्हते तो त्या कचेरीच्या पायरीपर्यंतही पोचत नसे. १९६१ च्या कायद्याने या उमेदवाराच्या हातात पहिल्यांदा हक्काचे पैसे ठेवले. पण ठेवले ते पाना-पक्कड धरणाऱ्या हातात. लेखणीच्या उमेदवाराला आपण अजून जुन्याच कचेरीत बसवून ठेवले आहे. गुरूच्या घरचे पाणी भरण्याची आठवण पाहुण्यांनी काढली. त्या पद्धतीत गुरूच्या घरी शिष्याचे जेवण आणि अंथरूण होते, हे सांगायचे राहून गेले. आणि मराठी मुद्रणाचाच वारसा सांगायचा तर निर्णयसागर छापखाना उभा करणारे जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले, ते पगारावर.

कायदा कारखान्यांसाठी आहे, आम्हाला तो कसा लागू, असे कुणी विचारील. २०१४ च्या दुरुस्तीने बिगरतांत्रिक पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवारीचे दार उघडले. २०१९ च्या सुधारित नियमांत तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक झाले. चार माणसांचे प्रकाशनही शिकाऊ घेऊ शकते. पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन त्याच नियमांत महिना ९,००० रुपये ठरले, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्याचा चौथा हिस्सा, १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. दार उघडे आहे. या धंद्यातले फार थोडे लोक त्यातून आत गेले आहेत.

आता आमच्या त्या मुलीची गोष्ट. तिला ऑन जॉब ट्रेनिंग हौस म्हणून करायचे नाही. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा श्रेयांक आराखडा राज्यात आला आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे ऑन जॉब ट्रेनिंग बसले. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण १२० तास. ते केल्याशिवाय श्रेयांक नाहीत. हे शासनाने ठरवले. विद्यार्थी कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम करील ही कल्पना मला मनापासून पटते. आमच्याकडे इंग्रजीचा एम.ए. म्हणजे पुढे बी.एड., नाहीतर नेट-सेट, नाहीतर तासिका, एवढेच तीन रस्ते वर्षानुवर्षे आहेत. प्रकाशन हा चौथा रस्ता त्यांना दिसला तर मला हवाच आहे.

पण शासनाच्या ज्या योजना शिकाऊ मुलांना पैसे देतात त्यांच्याकडे पाहा. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला महिना १०,००० रुपये देते. अट अशी की ज्याचे शिक्षण चालू आहे तो अपात्र. त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना महिना ५,००० देते. तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्याला जागा नाही. म्हणजे अभ्यासक्रम सांगतो, तू विद्यार्थी आहेस म्हणून तुला १२० तास काम करावेच लागेल. योजना सांगतात, तू विद्यार्थी आहेस म्हणून तुला पैसे नाहीत. आणि प्रकाशक सांगतात, तू विद्यार्थी आहेस, शिकायला मिळतंय हेच मानधन. तिन्ही दारांवर तिला एकच कारण ऐकू येते. राज्यात शिकणाऱ्या हजारो मुलांना एकाच वेळी सक्ती करायची आणि त्या सक्तीचा खर्च त्यांच्याच आईबापांवर टाकायचा, हे धोरण आखताना कुणाच्या लक्षात आले नसेल तर आता तरी यावे.

हा खर्च किती, तेही मांडते. चंद्रपूर ते नागपूर दीडशे किलोमीटर. रोज येऊन-जाऊन करा, असे सांगणाऱ्यांनी एकदा करून पाहावे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले हे खरे, पण जायचे तीन-साडेतीन तास आणि यायचे तितकेच, ते अर्धे होत नाहीत. संध्याकाळी सहाला सुटून मुलगी रात्री दहाला ऊर्जानगरच्या रस्त्यावर उतरणार. ज्या वसाहतीच्या परिसरात २०२२ च्या फेब्रुवारीत वाघाने आणि बिबट्याने एकापाठोपाठ माणसे मारली, आणि जिथे अंधार पडायच्या आत पोरे घरात हवीत हा नियम अजून पाळतात, तिथे. नागपुरात खोली घेऊन राहायचे तर रोज सहा तास धरूनही वीस दिवस राहणे आणि मेस. ही झाली चंद्रपूरची. सिरोंचाच्या मुलाला आधी गडचिरोलीलाच दोनशे किलोमीटरच्या वर यावे लागते, तिथून पुढे नागपूर. मी दोन महिने फुकट काम करू शकले कारण धरमपेठेत माझी मावशी होती. माझ्या वर्गातली सिरोंचाची मैत्रीण माझ्यापेक्षा इंग्रजी चांगले लिहायची. तिची नागपुरात मावशी नव्हती. ती कुठल्याच प्रकाशनात गेली नाही.

घरी बसून ऑनलाइन करा, हा अलीकडचा सल्ला. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा रस्ताच तुटतो, नेटवर्कची गोष्ट राहू द्या. शिवाय प्रूफ मोबाइलवर वाचून होत नाही. ज्याने कधी वाचले आहे त्याला हे सांगावे लागू नये. अनुस्वार सुटलेला पाच इंची पडद्यावर दिसत नाही, त्याला लॅपटॉप लागतो. फुकटचे काम करायलाही आधी तीस-चाळीस हजारांचे यंत्र घरात हवे.

यात आणखी एक वाईट गोष्ट शिरली आहे. मोबाइलवर ‘पेड इंटर्नशिप’ची जाहिरात येते. विद्यार्थ्याला वाटते, आपल्याला पैसे मिळणार. पुढे गेल्यावर कळते, पैसे आपण भरायचे. नोंदणी, प्रशिक्षण, प्रमाणपत्र, सगळ्याचे वेगळे. आमच्या एका मुलाने दीड हजार भरले. बदल्यात त्याला एक पीडीएफ प्रमाणपत्र आले आणि काम एक तासाचेही नाही. श्रेयांकांची सक्ती आहे आणि जागा नाहीत, तेव्हा बाजार हा असाच भरतो. शिकायला मिळणे हेच मानधन, या वाक्याचा पुढचा मुक्काम हाच आहे: शिकायला मिळते ना, मग तूच पैसे भर.

आता प्रकाशकांची खरी अडचण. ती मी नाकारत नाही. पुस्तकाची हजाराची आवृत्ती पाचशेवर आली, कुठे तीनशेवर. विक्रेत्याचे कमिशन, ग्रंथालयांची रखडलेली खरेदी, कागदाचे वाढलेले भाव, वर्ष वर्ष अडकून पडलेली उधारी. लहान प्रकाशक घरातले दागिने मोडून पुस्तक काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला कुणी लुटारू म्हटले तर मी त्याच्या बाजूने भांडेन. पण हिशोब तर करू या. १२० तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. महिना ९,००० या किमान दराने कामाच्या दिवसांचा हिशोब केला तर पाच हजारांच्या आसपास रक्कम होते. पाचशे प्रतींच्या एका पुस्तकावर ती टाकली तर प्रतीमागे दहा रुपये. छपाईवाला, बाइंडर, मुखपृष्ठाचा चित्रकार, टेम्पोवाला, यांतल्या कुणालाही प्रकाशक असे म्हणत नाही की तुला पुस्तक हाताळायला मिळतंय हेच तुझं मानधन. त्यांचे पैसे पुस्तकाच्या खर्चात धरलेले असतात. मुद्रितशोधन करणाऱ्या शिकाऊ मुलीचे दहा रुपये तेवढे धरलेले नसतात, आणि पुस्तक तोट्यात जाते ते त्या दहा रुपयांनी जात नाही.

शिवाय सगळा भार प्रकाशकावरच टाका असे मी म्हणतही नाही. निम्मा वाटा त्याने द्यावा, निम्मा विद्यापीठाने. ज्याने सक्ती केली त्याने हात आखडता घेऊन चालणार नाही. महाराष्ट्राला हे नवीनही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती कमवा आणि शिका या पायावर. मुलांनी खडी फोडली, शेतात राबली, आणि त्या श्रमाच्या मोलावर ती शिकली. श्रमाला मोल नाही असे भाऊरावांनी म्हटले असते तर ती पिढीच शिकली नसती. आज विद्यापीठांत कमवा व शिका योजनेत ग्रंथालयातली पुस्तके लावणाऱ्या, बागेला पाणी घालणाऱ्या विद्यार्थ्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात, आणि ते योग्यच आहे. त्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सक्तीने काम करणाऱ्याला मिळत नाहीत. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये वेगळे झाले ते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मुलांची नागपूरची पायपीट वाचावी म्हणून. या मुलांसाठी ही सुरुवात त्यानेच करावी, अशी माझी मागणी आहे.

पैसे आले की तळमळ जाते, असेही पाहुणे बोलता बोलता म्हणाले. माझ्या भावाची तळमळ विद्यावेतनाने गेली नाही. माझी फुकट कामाने वाढली नाही.

आणि आता तो मुद्दा, जो कुणी उघड बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. या भागातल्या मुलांचे इंग्रजी कच्चे, ती प्रकाशकाच्या काय उपयोगाची? त्यांना घेणे हाच आमचा उपकार. याचे उत्तर मी एका अक्षराने देते.

नागपुरातल्या त्या दोन महिन्यांत एका ग्रामीण लेखकाच्या कथांचा इंग्रजी अनुवाद छपाईला चालला होता. दुसरे प्रूफ माझ्यासमोर होते, शेजारी मूळ मराठी. एका कथेत म्हातारा बैलगाडीत बसला आहे, रात्र झाली आहे, आणि अनुवादात वाक्य होते की म्हाताऱ्याचा धागा अडकला. पुढचे वाक्य: मुलाने त्याला हलवून उठवले. मी थांबले. गाडीत धागा कुठून आला? मूळ उघडून पाहिले. तिथे होते, ‘बुढ्याचा डोरा लागला.’ माझी आई ब्रह्मपुरीकडची. झाडीबोलीत ळ चा र होतो. शाळा म्हणजे सारा, डोळा म्हणजे डोरा. म्हाताऱ्याचा डोळा लागला होता, त्याला झोप लागली होती. अनुवादक विद्वान होते, त्यांचे इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगले होते. त्यांना वाटले, डोरा म्हणजे दोरा, टाइप करणाऱ्याची चूक. त्यांनी चूक दुरुस्त करून धागा केला. संपादकांनी वाचले, पहिले प्रूफ कुणी वाचले, कुणाला काही खटकले नाही. ते अक्षर मला दिसले, कारण आई मला लहानपणी थोपटताना ‘डोरा लाव’ म्हणायची.

मी ते दुरुस्त करून दिले. संपादक खूश झाले, खुर्चीतून उठून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे आणि ते पान मी आजही उघडून पाहते.

हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. सांगायचे ते असे की ज्या कामाला आमची मुले निरुपयोगी ठरतात, त्याच कामात त्यांच्याकडे असे काही असते जे पुण्या-मुंबईच्या मुलांकडे असूच शकत नाही. झाडीपट्टीची नाटके वडसा-देसाईगंजातून गावोगाव जातात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ही रंगभूमी दिल्लीलाही कळली. तिच्या संहिता इंग्रजीत कोण नेणार? माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या घरांतली मुले आता इंग्रजीत एम.ए. करताहेत. त्यांच्या आजीच्या गोष्टी जगापुढे जायच्या तर त्या मराठीच्या आडवळणाने जायच्या, की थेट? गडचिरोलीतल्या सर्च या संस्थेतून अभय आणि राणी बंग यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये गेले, १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये. घरोघरी जाऊन नवजात बाळाला वाचवण्याची त्यांची पद्धत जगाने इंग्रजीत वाचली आणि उचलली. या जंगलातून जगाला सांगण्यासारखे काही निघत नाही असे कुणी म्हणू नये. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचा अभ्यास करायला देशोदेशीचे लोक येतात आणि आपापल्या भाषेत पुस्तके लिहून जातात. त्या गावाच्या धानोरा तालुक्यातल्या मुलांनी त्याच गोष्टीचे संपादन करावे, अनुवाद करावा, असे कुणाच्या मनात येत नाही. कारण ते काम शिकायला जिथे जावे लागते तिथे पंधरा दिवस राहण्याचे पैसे त्यांच्याकडे नाहीत.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अनुवादाच्या घोषणा तेव्हापासून ऐकू येताहेत. अनुवाद घोषणेतून होत नाही, त्याला शब्द चाचपून पाहणारी तरुण माणसे लागतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तरुण लेखकांसाठी पंतप्रधान युवा योजना काढली, नॅशनल बुक ट्रस्टमार्फत. तीस वर्षांखालच्या ७५ लेखकांना सहा महिने दरमहा ५०,००० रुपये. ही फार चांगली गोष्ट झाली. लिहायला शिकणाऱ्याला आपण पैसे देऊ शकतो हे त्यातून सिद्ध झाले. मग लिहिलेले नीट करायला शिकणाऱ्याला दहावा हिस्सा देताना आपले हात का थरथरावेत?

एक हरकत मात्र मला स्वतःला अवघड वाटते, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पैसे सक्तीचे केले तर प्रकाशक मुलांना घेणेच बंद करतील. हे निव्वळ भय नाही, असे घडलेले आहे. अमेरिकेत काँदे नास्त या मोठ्या मासिक-समूहावर त्याच्या माजी इंटर्न मुलांनी कमी पैशांबद्दल दावा लावला, तेव्हा २०१३ मध्ये त्या समूहाने इंटर्नशिपच बंद करून टाकली. पुढच्या वर्षी ५८ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. पैसे मिळाले, पण दार लागले. उलट उदाहरणही आहे. लंडनमध्ये २०११ साली केरी हडसन या एकवीस वर्षांच्या मुलीने एका वेब-प्रकाशन कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली. तिने तिथे काही आठवडे काम केले होते, इतरांना कामे वाटून दिली होती, आणि तिला सांगितले गेले होते की इंटर्नला पैसे नसतात. न्यायाधिकरणाने तिला कामगार मानून पैसे देवविले. आज पेंग्विन रँडम हाउससारख्या मोठ्या घराच्या इंटर्नशिप पगारी आहेत आणि ते घर बुडालेले नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच मी नुसता कायद्याचा बडगा मागत नाही. लहान प्रकाशकाच्या खांद्याला विद्यापीठाने खांदा लावला तर तो दार लावणार नाही. त्याने आमच्या मुलाला घेताना कागदावर लिहून द्यावे की काम कोणते, तास किती, शिकवणार कोण. १२० तासांचे पाच हजार, निम्मे त्याचे, निम्मे विद्यापीठाचे. आणि ज्या पुस्तकावर मुलाने काम केले त्याच्या श्रेयपानावर बारीक अक्षरात का होईना त्याचे नाव. यातले काही अवास्तव असेल तर मला दाखवून द्यावे. चंद्रपुरात १९७९ आणि २०१२ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. मंडपांवर, भोजनावळींवर, स्मरणिकांवर या जिल्ह्याने दोन्ही वेळा हात सैल सोडून खर्च केला. साहित्यासाठी पैसा नाही असे हा जिल्हा कधीच म्हणाला नाही.

सभागृहात प्रश्न विचारणारी ती मुलगी बल्लारपूरच्या बाजूची. वडील रोजंदारीवर आहेत. कार्यक्रमानंतर चार दिवसांनी ती माझ्याकडे ऑन जॉब ट्रेनिंगचा अर्ज घेऊन आली. प्रकाशनाचे नाव लिहायच्या जागी तिने घराजवळच्या एका झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानाचे नाव लिहिले होते. दुकानदाराचे संमतिपत्र जोडलेले होते, शिक्का मारलेला. मी विचारले, नागपूरचे काय झाले? ती म्हणाली, "मॅडम, इथे चालत जाता येतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि ते दिवसाला शंभर रुपये देतो म्हणाले."

मार्गदर्शक शिक्षकाच्या सहीची जागा खाली उजवीकडे होती. मी सही केली.